दादाने पाठवलेली दीक्षाभूमी

माझं त्या वस्तूशी पहिल्या दिवसापासून जमलं नाही. मी ऑफिसातून नुकतीच घरी आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या, तेवढ्यात कुरिअरवाल्याने "दीदी, साइन कर दो" म्हणत खोकं हातात ठेवलं. ते उघडायच्या आतच पुण्याहून दादाचा व्हिडिओ कॉल. आईला ताप आला तर माझ्या भावाला चार दिवसांनी कळतं, पण पार्सल पोचलेलं त्याच मिनिटाला कळतं. खोक्यात थर्माकोल, त्यात पांढराशुभ्र डबा, डब्याला मागे पट्टे आणि सोबत हातात धरायच्या दोन मुठी. माझा नवरा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमधून ड्युटी संपवून आला होता. त्याने डबा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "तुझ्या भावानं चष्मा पाठवला का हेल्मेट?"

"याला व्हीआर हेडसेट म्हणतात," दादा फोनवरून सांगू लागला. "कॉम्प्युटर लागत नाही, वायर नाही, मोबाइल आत अडकवायचा नाही. सगळं यातच आहे. आणि फार महागातलं नाही हं, स्वस्तातलं मॉडेल आहे. आईला आता घरबसल्या दीक्षाभूमी!" पुण्याला गेल्यापासून त्याच्या बोलण्यातलं 'मले-तुले' साफ धुऊन निघालंय. आईशी बोलतानाही तो बातम्या दिल्यासारखा बोलतो. स्वस्तातलं आहे हे त्याने तीनदा सांगितलं. कशापेक्षा स्वस्त ते मला लगेच कळलं होतं, सुट्टीपेक्षा स्वस्त. पण आई शेजारी बसली होती, म्हणून मी सांडलेलं थर्माकोल गोळा करायला लागले.

हे नीट समजायचं तर आमची दसऱ्याची रीत सांगायला हवी. वडील रेल्वेच्या नोकरीत विदर्भातून रायपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. पण दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं म्हणजे जायचंच. तिथल्या त्या गर्दीत आमची जागा ठरलेली आहे. मैदानाच्या एका टोकाला भिंतीला लागून एक कडुनिंब आहे, त्याच्याखाली. आईच्या माहेरची माणसं वर्ध्याकडून येतात, आम्ही रायपूरहून. अमुक वाजता भेटू असं कोणी कोणाला कळवत नाही. फोन नव्हते तेव्हापासून असंच चालत आलंय. दसऱ्याला जो झाडाखाली दिसला, तो बरा आहे. जो दिसला नाही, तो आजारी आहे नाहीतर गेला. बाकीच्या गोष्टी चटई टाकून बसल्यावर.

आईची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, दर वर्षी सकाळीच येऊन ती जागा धरते. मावशीला ऐकू येत नाही. अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादा शब्द पोचतो. त्यामुळे फोनवर दोघी बहिणींचं काही होत नाही. वर्षातून एकदा झाडाखाली हातात हात घेऊन बसतात, एकमेकींची बोटं चाचपतात, मधूनच एखादी हसते. तेवढ्यावर त्यांचं वर्ष निघतं.

गेल्या वर्षी ऐन दसऱ्याच्या तोंडावर आईचा गुडघा एवढा सुजला की तिला संडासापर्यंत न्यायलाही दोघं लागत. जाणं झालं नाही. नंतर मामेभावाचा फोन आला. मावशी दिवस मावळेपर्यंत जागची हलली नव्हती, जेवलीही नव्हती. आईचा गुडघा दुखतोय असं सगळ्यांनी ओरडून, खाणाखुणा करून सांगितलं, तर ती रडायला लागली. तिला वाटलं आई गेली आणि हे लोक आपल्यापासून लपवताहेत. ते तिच्या मनातून अजून निघालेलं नाही. मामेभावाने आईचा फोटो दाखवला, तर म्हणाली, "फोटो तर मेलेल्याचाही राह्यते." व्हिडिओ कॉल लावून आईला हात हलवायला सांगितलं. त्यावर मावशी म्हणाली, टीव्हीतली मेलेली माणसंही हालतातच की.

म्हणून यंदा आईला नागपूरला जायचंच होतं. आपण जिवंत आहोत हे बहिणीला दाखवायला जायचं होतं. एवढी साधी गोष्ट. दर वर्षी दादा पुण्याहून यायचा आणि गर्दीत आईचा दंड धरून चालायचा. यंदा त्याचं काहीतरी प्रोजेक्ट निघालं, आणि त्याच्याऐवजी हे खोकं आलं.

ते चालू करण्यात आमचे दोन रविवार गेले. आधी अकाउंट उघडा, मग मोबाइलवर त्याचं ॲप घ्या, मग अपडेट. आमचं वायफाय पुढच्या खोलीत धावतं आणि आईच्या खोलीत लंगडतं. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा घालून तो डबा डोळ्यांवर बसत नाही. आत घालायला एक प्लास्टिकची चौकट आली होती, ती बसवली तर चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतायला लागल्या. सगळं वजन पुढे. पट्टा ढिला ठेवला तर डबा नाकावर घसरतो, आवळला तर गालांवर लाल वळ उठतात. त्यात रायपूरचा आश्विन. आतला फोम घामाने भिजायचा आणि भिंगांवर वाफ धरायची. ती पुसावी तर बोटाला काळं लागायचं, कारण आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, प्लांटची धूळ खिडक्या बंद केल्या तरी येते. ती धूळ पोह्यात येते, उशीवर येते, मग भिंगावर का नाही येणार? आणि एवढं करून बॅटरी दोन तासही टिकत नाही. आईला कुठे जास्त वेळ बघायचंय, असं दादाचं म्हणणं.

मी स्वतः घालून बघितलं. दादाने आत कसला तरी जत्रेतल्या पाळण्याचा खेळ भरून ठेवला होता. केशकाल घाटात बसमध्ये होतं तसं पोटात ढवळलं आणि डबा काढून फेकायचाच तेवढा बाकी ठेवला. संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसले. नवरा म्हणाला, "हव, मले नको," आणि जेवायला बसला.

पण खोटं कशाला बोलू? आईने पहिल्यांदा घातलं तेव्हा ती हरखली होती. दादाने गेल्या वर्षीच्या दसऱ्याचा, चारी बाजूंनी दिसणारा व्हिडिओ आत भरला होता. मान वळवावी तिकडे माणसं. आई दिवाणावर बसून मान वर करून घुमट बघत होती, मग डावीकडे, मग मागे. "अवो माय, किती लोक! गर्दी आहे पन धक्का नाही लागून राह्यला," म्हणाली. तिच्या डोळ्यांतलं पाणी डब्याखालून ओघळताना मला दिसलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हे मिळालं तर तो पाठवणाऱ्याला दुवा देईल, एवढं मीही मान्य करते. त्या यंत्राला जे येतं ते त्याने चोख केलं होतं. मग आईने विचारलं, "मी त्यायले दिसून राह्यली का?"

"नाही आई," मी म्हणाले. "फक्त तुला दिसतं."

"मंग काय कामाचं?" असं म्हणून तिने डबा काढायला हात वर नेले, आणि पुन्हा खाली घेतले. थोडा वेळ अजून बघत राहिली.

तेवढं दादाला पुरलं. दुसऱ्याच दिवशी फोन. "मग आता जायची गरज नाही ना? तिला आवडलंय. या वयात ती गर्दी, ती ट्रेन, तिथे पडली तर जबाबदार कोण?"

"तू ये. तू धर तिला. म्हणजे पडणार नाही."

"मला जमत नाहीये गं. म्हणून तर पाठवलं ना."

"मावशीला काय सांगू? की आई डब्यात बसून तुला बघत होती?"

"तू प्रत्येक गोष्टीत नाट्य करतेस," तो म्हणाला. मी फोन ठेवून दिला. आमच्याकडे आईवडिलांना तीर्थाला नेणारा मुलगा चांगला आणि नेणारी मुलगी भांडखोर, हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण आईला सोडून देणारा मुलगाही यंत्र पाठवून चांगला ठरतो, हे मला नवीन होतं. शेजारच्या बाईने येऊन त्या डब्याचं कौतुक केलं. "बेटा हो तो ऐसा," म्हणाली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

आईने मात्र मला पंडरीच्या कापडबाजारात पाठवलं. दसऱ्याला ती नवीन पांढरं लुगडं नेसते, ते पंडरीतूनच घ्यायचं. मला वाटलं तिने नागपूरला जायचं मनावर घेतलं. लुगडं आणून दिल्यावर कळलं की ते तिला डबा घालायच्या वेळी नेसायचं होतं. "तिथं जाऊन मळक्या लुगड्यात बसू काय?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आंघोळ केली, नवीन लुगडं नेसली, कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली आणि दिवाणावर बसून मला म्हणाली, "लाव बाई ते."

मी पट्टे आवळून दिले आणि स्वयंपाकघरात गेले. डबा चालू झाला त्याच दिवशी दादाने फोनवरून सांगून माझ्याकडून आईच्या दिवाणाभोवती गोल आखून घेतला होता. माणूस त्या गोलाच्या कडेशी आला की आत निळी जाळी उभी राहते. म्हणजे पुढे जाऊ नका. भिंतीवर आपटू नये म्हणून केलेली ती सोय, आणि दादाला तिचा फार अभिमान.

पोळी तव्यावर होती तेव्हा मला आईचा आवाज आला. ती कोणाला तरी हाका मारत होती, मावशीला लहानपणी मारायची त्या नावाने. मी गॅस बंद करेपर्यंत धाडकन आवाज झाला. धावत गेले तर आई शोकेसपाशी खाली बसलेली. डबा अजून डोळ्यांवर, आणि कपाळाच्या वर, जिथे केस सुरू होतात तिथे, बघता बघता टेंगूळ येत होतं. डबा काढला. आईला जरा वेळ मी कोण तेच कळेना.

मग हळूहळू तिने सांगितलं. व्हिडिओत एका बाजूला लांबवर तो कडुनिंब दिसत होता. इतके दिवस तिच्या लक्षात आलं नव्हतं. झाडाखाली एक बाई पाठमोरी बसली होती, पांढऱ्या लुगड्यात. ती मावशीच, असं आई आजही सांगते. गेल्या वर्षीचाच तो दिवस. मावशी आईची वाट बघत दिवसभर बसली होती तो. आईला हाक मारल्याशिवाय राहवलं नाही. बाईने वळून बघितलं नाही. तिला ऐकू येत नाहीच, म्हणून आई उठून तिच्याकडे निघाली. दोन पावलं टाकली तोच समोर निळी जाळी उभी राहिली.

आता दीक्षाभूमीवर गर्दी आवरायला बांबू बांधलेले असतात. म्हाताऱ्या बायकांना लांबचा फेरा पडू नये म्हणून तिथले स्वयंसेवक त्यांना बांबूखालून वाकून जाऊ देतात. माझी आई गेली कित्येक वर्षं तशीच वाकून, एक हात डोक्यावरच्या पदराला लावून, पलीकडे जाते. जाळी दिसली तशी ती खाली वाकली. जाळीबाहेर डोकं निघालं की आपली खोली दिसते म्हणे. दिसलीही असेल, पण तोवर शोकेसचा कोपरा लागला होता.

"कोनी पोट्टा नव्हता वं तिथं बांबू उचलाले," आई मला सांगत होती, जणू तक्रार त्याच्याबद्दलच होती.

टेंगळावर हळद लावली, बर्फ धरला, डॉक्टरला दाखवलं. आत काही लागलं नव्हतं. संध्याकाळी दादाला कळवलं. त्याने पहिल्यांदा काय विचारलं असेल? "गोल नीट आखला होतास ना?" मग म्हणाला, शोकेस तिथून हलव. मग म्हणाला, मागून टेकू असलेला चांगला पट्टा मिळतो, तो मागवतो. वजन मागे जातं, आईला बरं पडेल. डब्याला काही झालं नाही ना, हेही विचारलं. नव्हतं झालं. ओरखडासुद्धा नव्हता.

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पाऱ्यातल्या कुत्र्यांनीही कान टवकारले असतील. शेवटी एवढं सांगितलं की आम्ही नागपूरला जातोय, आणि तुला काही पाठवायचंच असेल तर स्वतःला पाठव.

तो आला नाही.

मी डबा खोक्यात भरला, खोकं कपाटावर टाकलं. नवऱ्याने ड्युटी बदलून घेतली आणि आम्ही तिघं दसऱ्याला नागपूरला गेलो. ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, पण आईचं वय बघून एका कुटुंबाने तिला खिडकीची जागा दिली. उतरल्यावर ऊन, धूळ, धक्के, भोंगे. दादा ज्याला ज्याला घाबरत होता ते सगळं होतं. आईच्या गुडघ्यांनी अर्ध्या वाटेतच हात टेकले. नवऱ्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. बांबूपाशी पोचलो तेव्हा एका स्वयंसेवकाने आईकडे बघितलं, "या आजी, वाका," म्हणाला आणि बांबू हाताने वर उचलून धरला. आई पदराला हात लावून वाकली आणि पलीकडे गेली. तिकडून वळून माझ्याकडे बघून हसली.

मावशी झाडाखाली होती. तिने आम्हाला येताना बघितलं आणि ती उठली नाही. आई समोर जाऊन उभी राहिली तरी उठली नाही. आईकडे तिने नुसतं बघितलं, बघतच राहिली. आई कशीबशी खाली बसली, तेव्हा मावशीने दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं. गाल, हनुवटी, नाक. वर टेंगूळ लागलं तसा हात थांबला.

"हे कायचं वं?"

आईने तिच्या कानाशी तोंड नेलं आणि अशी ओरडली की शेजारच्या चटईवरच्या बायका वळल्या. "तुले भेटाले निघाली होती! घरातच पडली!"

मावशीने टेंगूळ पुन्हा दाबून बघितलं. आई "आयो" म्हणून कळवळली. तेव्हा कुठे मावशीचा विश्वास बसला. ती हसली, मग रडली, मग शिदोरी सोडायला लागली. फोटोत दुखत नाही. मला इतकं बरं वाटलं की मीही तिथेच चटईवर फतकल मारून बसले आणि भाकरीला हात घातला.

दुपारी दादाचा व्हिडिओ कॉल आला. आवाज अगदी गोड. "पोचलात ना नीट? आई, कसं वाटतंय? डब्यात दिसतं तसंच आहे ना सगळं?" आईने फोन हातात घेतला. मावशीने वाकून बघितलं. डोळेही आता अधू झालेत तिचे. फोन जवळ नेला, लांब नेला.

"हा कोन?"

"महा पोरगा," आई तिच्या कानात ओरडली.

मावशीने आमच्याकडे बघितलं. मी, माझा नवरा, आई. मग आमच्या मागे बघितलं, चटईच्या दुसऱ्या टोकाला बघितलं, बांबूच्या दिशेने बघितलं. दर वर्षी आईचा दंड धरून तो तिकडूनच यायचा. मग पुन्हा फोनमध्ये. दादा हसत हात हलवत होता.

मावशीचा चेहरा उतरला. तिने फोन आईच्या मांडीवर उपडा ठेवला, आईचं डोकं जवळ ओढून घेतलं, टेंगळाला लागू न देता केसांवरून हात फिरवला आणि हळू आवाजात विचारलं, "कधी गेला वं?"

फोनमधून दादा ओरडत होता, "मावशी, मी आहे! मावशी, मी बरा आहे!" मावशीला ऐकू येत नाही. आणि आईने तिला सांगायची घाई केली नाही.